दुधी काचेतलं ऊन

"उभी धरा रे, उभी! आडवी केली की गेली समजा!"

मामंजींचा आवाज मागच्या अंगणातून येत होता, आणि मी न् आईसाहेब मधल्या खोलीत दार लावून बसलो होतो. परके पुरुष अंगणात आले की बायांनी मधल्या खोलीत जायचं, अशी त्या घराची रीत होती. अमरावतीहून काचांचा ट्रक आला होता. बाहेर गवताची सळसळ, लोखंडी पट्ट्यांचा खणखणाट आणि मध्येच मामंजींचा दम ऐकू येई. आईसाहेब, माझ्या सासूबाई, पलंगावर पडल्या होत्या. मान जराशी वर करून त्यांनी मला विचारलं, "किती मोठ्या हायेत व काचा?"

मी दाराच्या फटीला डोळा लावला. "माणसाहून उंच आहेत. पण पांढऱ्या आहेत, आईसाहेब. आरपार काही दिसत नाही."

"दुधी काच म्हणतात तिले. उजेड येते, नजर येत नाही. त्याईनं सांगतलं मले." आणि साठीला टेकलेल्या त्या बाई नव्या नवरीसारख्या हसल्या. "माह्यासाठी एवढं कराची काय गरज होती?"

मामंजी म्हणजे माझे सासरे, बोरखेडीचे देशमुख. पूर्णा नदीच्या काठचं हे गाव. उन्हाळ्यात तिथे कावळेसुद्धा चोच वासून सावलीला बसतात. लग्न होऊन मी तिथे आले ते एकोणीसशे शहात्तर सालचं. माहेर वर्ध्याचं. वडील शाळामास्तर. मी सायकलवर कॉलेजात जायची, बी.ए. झाले होते. सोयरीक आणणाऱ्याने वडिलांना सांगितलं होतं, "गोषा-बिषा आता कुठं राहिलाय, मास्तर? ते जुनं झालं." घर खरोखरच नवं होतं. सिमेंटचं, स्लॅबचं, मोझॅइकच्या फरशीचं, गावात पहिला फ्रीज आला तो याच घरात. पण पुढे दिवाणखाना आणि त्याबाहेर मोठा ओटा, ते सगळं पुरुषांचं. आमचं जग दिवाणखान्याच्या मागे सुरू व्हायचं आणि मागच्या अंगणात संपायचं. त्या अंगणावरसुद्धा पत्रे होते, कारण शेजारच्या जिनिंग फॅक्टरीच्या माडीवरून मजुरांना आत दिसलं असतं. लग्नाच्या दिवशी मी समोरच्या दारातून आत आले. त्यानंतर त्या दाराची कडी कशी दिसते तेही मी विसरले.

आईसाहेबांचं दुखणं मी आले तेव्हाच सुरू झालेलं होतं. आधी कंबर, मग मांड्या. चालताना त्या बदकासारख्या डुलत. पाटावरून उठायचं तर माझ्या खांद्यावर सगळा भार टाकावा लागे. वैद्याचे लेप झाले, तेलं झाली, देवाला बोलून झालं. शेवटी माझ्या यजमानांनी, भास्कररावांनी, हिय्या करून मामंजींना विचारलं आणि पडदे लावलेल्या गाडीतून आम्ही अमरावतीला गेलो. गावंडे म्हणून एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी हाडांचे फोटो काढले, अंग दाबून पाहिलं आणि विचारलं, "उन्हात किती वेळ असता?"

"उन्हात मी काहून जाऊ?" आईसाहेब म्हणाल्या. "बाहेरच्या कामाले बाया हायेत न्."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "एवढ्या उन्हाच्या मुलखात राहता आणि तुमची हाडं उन्हावाचून मऊ पडली आहेत. लाकडाला वाळवी लागावी तशी. उद्या नुसती ठेच लागली तरी मोडतील."

त्यांनी माशाच्या तेलाचं औषध लिहून दिलं. आईसाहेबांच्या गळ्यात माळ होती. त्यांनी बाटलीला हातही लावला नाही. "मग उपाय एकच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ऊन खा. रोज, हातपाय उघडे टाकून."

भास्कररावांनी घरी येऊन हे मामंजींना सांगितलं. मला वाटलं होतं, ते उडवून लावतील. पण नाही. चार-आठ दिवस ते विचारातच होते. जेवताना भात कालवता कालवता थांबायचे. पुढे ओट्यावर बाई बसणं शक्यच नव्हतं. अंगणावरचे पत्रे काढावेत तर फॅक्टरीची माडी. मग एका सकाळी ते हसतच मागे आले. अंगणाच्या दक्षिण बाजूला काचेची खोली. छत काचेचं, भिंती काचेच्या, सगळी दुधी काच. ऊन येईल, नजर येणार नाही. त्यांनी स्वतः अमरावतीला जाऊन काच निवडली. आईसाहेबांवर त्यांचा जीव होता, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

दिवाळीला खोलीची पूजा झाली. आत वेताची खुर्ची ठेवली, पायाखाली सतरंजी. आईसाहेब पहिल्यांदा आत जाऊन बसल्या तेव्हा मामंजी दाराशी उभे होते.

"कसं वाटते?"

"दुधात बसल्यावानी," आईसाहेब म्हणाल्या.

ते खूश होऊन निघून गेले. गावात सांगत सुटले, बायकोसाठी काचमहाल बांधला.

सुरुवातीला बरं होतं. थंडीचे दिवस, आत ऊब असायची. छतावर वानरं येऊन बसत, त्यांच्या सावल्या आमच्या अंगावरून चालत जात. आईसाहेब हसायच्या, "पाह्य, पाह्य, तिच्या पोटाले पिल्लू हाय." रोज जेवणाआधी मी त्यांना तिथे नेऊन बसवायची. बाह्या वर सरकवून, लुगडं गुडघ्यापर्यंत घेऊन त्या मुकाट बसून राहायच्या. मला दिवस राहिल्यावर त्या मलाही शेजारी बसवून घेऊ लागल्या. संक्रांत उलटली आणि ती खोली तापायला लागली. वारा नाही, सावली नाही. घाम हनुवटीवरून टपकायचा. मी म्हणायची, "आईसाहेब, पुरे आता." त्या म्हणायच्या, "त्याईनं एवढं केलं. बसू दे."

पण दुखणं कमी होईना. उलट, आता कूस बदलतानाही त्या कण्हायला लागल्या. आणि फाल्गुनात एके दिवशी, त्याच खुर्चीतून उठताना, माझा हात सुटला. पडल्या त्या अगदी अलगद, बसल्यासारख्या. तरी मनगट मोडलं.

मामंजींनी डॉक्टरीणबाईंना आणायला गाडी धाडली. त्या आल्या, हात प्लास्टरमध्ये घातला, आणि हात धुता धुता म्हणाल्या, "मी सांगितलं होतं ते ऊन खाल्लं नाही का यांनी?"

"रोज खाते," मामंजी दाराबाहेरून म्हणाले. "दिवाळीपासून एक दिवस चुकली नाही. खास खोली बांधली आहे. कुंदा, दाखव त्याईले."

मी त्यांना मागे नेलं. मामंजीही मागून येऊन दाराशी उभे राहिले. डॉक्टरीणबाई त्या खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. त्यांनी छताकडे पाहिलं, भिंतीच्या काचेवर बोटाने टकटक केलं.

"देशमुखसाहेब," त्या म्हणाल्या, "खोली सुंदर आहे. पण काचेतून उजेड येतो, गरमी येते. हाडांना जे लागतं ते काचेच्या बाहेरच राहतं. साध्या काचेतूनही येत नाही, ही तर दुधी. कातडीला ऊन सरळ लागायला हवं, मधे काही नको. यांनी इथे पाच वर्षं बसून काढली तरी घामाशिवाय काही मिळायचं नाही."

मामंजींचा चेहरा मी तिरक्या नजरेने पाहिला. भर पंगतीत कुणी ताटावरून उठवावं तसा झाला होता.

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "कितवा महिना?"

"चौथा."

त्यांनी माझी नडगी अंगठ्याने दाबली. मी पाय मागे ओढला. दुखलं होतं. मला वाटायचं, दिवस गेलेत म्हणून अंग दुखतं.

"हिलाही सुरुवात आहे," त्या म्हणाल्या. "आईच्याच हाडांत नसेल तर पोटातल्या जिवाला कुठून मिळणार?"

आईसाहेब पलंगावर पडून हे सगळं उघड्या दारातून ऐकत होत्या. आम्ही परत आलो तेव्हा त्यांनी डॉक्टरीणबाईंचा पदर धरला. "बाई, एक सांगा. लहान लेकराईले बी होते का हे?"

"होतं. पायांना बाक येतो. मूल चालत नाही वेळेवर. छाती कमजोर राहते, साधा खोकला झाला तरी आवरत नाही."

आईसाहेबांनी पदर सोडला. चहा आला, डॉक्टरीणबाई गेल्या, सांज झाली. मामंजी येऊन म्हणाले, "शहरातल्या डॉक्टरीणी. त्याईले काय होते सांगाले? पण ठीक हाय. अंगणाच्या भिंती चढवून घेऊ. फॅक्टरीच्या माडीच्याही वर नेऊ. मंग पत्रे काढू. पुढच्या दिवाळीपर्यंत करून टाकू सगळं." आईसाहेब छताकडे पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी त्यांना काचेच्या खोलीत न्यायला गेले. त्या उठून बसल्या होत्या. केस विंचरून घेतले होते, तेही एका हाताने.

"चला," मी म्हटलं.

"तिकडं नाही. पुढं."

"पुढं म्हणजे?"

"ओट्यावर."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. ओट्यावर जायचं म्हणजे दिवाणखान्यातून जायचं, आणि दिवाणखान्यात मामंजींची बैठक बसलेली. सोसायटीचे चेअरमन होते, मामंजींचे चुलतभाऊ नानासाहेब होते, भास्करराव होते.

"आईसाहेब, बाहेर माणसं आहेत."

"मले ऐकू येते," त्या म्हणाल्या. "खुर्ची घे. आन् भिऊ नको. भ्याचं असंल तर खुर्ची दे, मी ओढत नेतो."

मी खुर्ची घेतली. एका हातात खुर्ची, दुसऱ्या खांद्यावर आईसाहेब. अशा आम्ही दिवाणखान्याचा पडदा सारून आत पाऊल टाकलं. बोलणं एकदम तुटलं. चेअरमन तर चपला घालायला वाकले. नानासाहेबांनी मान खाली घातली. मी कुणाकडे पाहिलं नाही. फरशीवरच्या निळ्या नक्षीकडे पाहत चालत राहिले. आईसाहेबांचा श्वास जोरात वाजत होता. त्या डुलत डुलत, प्लास्टरचा हात पोटाशी धरून, त्या सगळ्यांच्या मधून गेल्या आणि उंबरठ्याशी थांबल्या. मी पाय उचलायला मदत केली.

ऊन अंगावर आलं. काय सांगू! दीड वर्षाने उघड्यावरचं ऊन. डोळे आपोआप मिटले. ते उघडले तर समोर रस्ता, रस्त्यापलीकडे निंबाचं झाड, त्याखाली पानठेला, आणि पानठेल्यावरची सगळी माणसं आमच्याकडे बघत होती. आईसाहेब खुर्चीत बसल्या. पदर डोक्यावर होता, तो त्यांनी मानेपर्यंत मागे जाऊ दिला. बाही वर केली. लुगड्याचा काठ पोटऱ्यांवर घेतला. मी त्यांच्याजवळ उभी राहिले.

मामंजी दारात आले. आवाज खालचा होता. "हे काय चालू हाय? आत चला."

"ऊन खाऊ राह्यली मी. डॉक्टरीणीनं सांगतलं."

"भिंती चढवतो म्हटलं न् मी? दिवाळीपर्यंत दम नाही निघत?"

"नाही निघत."

"लोक पाहू राह्यले."

"पाहू द्या. मी बी त्याईले पाहू राह्यली. किती दिवसांनी माणसं दिसली."

समोरून अमरावतीची एसटी गेली. खिडक्याखिडक्यांतून माना वळल्या. मामंजी एक पाऊल पुढे आले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा, चारचौघांत, बायकोचं नाव घेतलं.

"अनसूया, आत ये. मी काही कमी केलं का तुह्यासाठी? एवढा काचमहाल बांधला!"

"बांधला," आईसाहेब म्हणाल्या. "तुमी बांधला, मी बसली. घामानं भिजली, पण बसली. पण काचेत घालून उन्हात ठेवाले मी का लोणच्याची बरणी हाय?"

पानठेल्यावर कुणीतरी हसलं. मामंजींनी तिकडे पाहिलं तसं ते थांबलं.

"शेवटचं सांगतो. आत चला. देशमुखाच्या घरची बाई अशी रस्त्यावर..."

"वच्छी आठवते?" आईसाहेब म्हणाल्या.

मामंजी थबकले. मी त्या घरात दीड वर्ष होते, पण हे नाव कधी ऐकलं नव्हतं. आईसाहेब त्यांच्याकडे पाहत नव्हत्या. समोर रस्त्याकडे बघत, अगदी सावकाश बोलत होत्या.

"तिचे पाय कमानीवानी वाकले होते. तुमी पाळणा गाडी आणली होती नागपूरहून, चालत नव्हती म्हणून. आपण म्हन्लं, देवाची करणी. तुमच्या आईनं म्हन्लं, माह्या पोटाचा दोष. मी बी तेच समजली. तिसऱ्या वर्षी खोकला झाला न् गेली. माही लेक त्या जुन्या घरात जन्मली, त्याच घरात मेली, तिनं एकदा बी ऊन पाह्यलं नाही. का तर देशमुखाची लेक. इतके दिवस मी देवाले दोष देत बसली. काल त्या बाईनं सांगतलं तवा समजलं मले." मग त्यांनी माझा हात धरून मला खुर्चीपुढे ओढलं. "हिच्या पोटात लेकरू हाय. मी मेली तरी चालंल. पण हे लेकरू अंधारात वाढनार नाही. तुमी मले मारा नाहीतर घराबाहेर काढा. मी उठत नाही."

आतून नानासाहेब काहीतरी पुटपुटले. मग भास्करराव उठले. हे माझे यजमान कधी वडिलांसमोर मान वर करून बोलले नव्हते. त्यांनी दिवाणखान्यातली एक खुर्ची उचलली, वडिलांच्या बाजूने वाट काढून बाहेर आणली आणि आईसाहेबांच्या शेजारी, उन्हात ठेवली.

"बस," ते मला म्हणाले. "उभी नको राहू."

मी बसले. आणि माझ्याही बाह्या वर केल्या.

मामंजी वळले. आत गेले. आणि दार लावलं. आतून कडी चढल्याचा आवाज आम्ही तिघांनीही ऐकला.

भास्करराव दाराकडे बघत राहिले. मला रडू येत होतं. आईसाहेबांनी मात्र पाय आणखी थोडे लांब पसरले.

"लावून घेऊ दे," त्या म्हणाल्या. "ऊन तं बाहेरच हाय."

ओट्यावरून ऊन सरकून गेलं तेव्हा आईसाहेबांनी भास्कररावांना दार वाजवायला सांगितलं नाही. स्वतःच प्लास्टरच्या हाताने वाजवलं. "उघडा. जेवनाची वेळ झाली. आन् उद्या बी मी याच वेळेले बसनार हाय, ते बी ऐकून ठेवा." कडी निघाली. दार उघडलं तेव्हा दारामागे कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसलो. तिसऱ्या दिवशी बसलो. नानासाहेबांकडून निरोप आला की त्यांच्याकडच्या मुंजीला आम्ही आलो नाही तरी चालेल. आईसाहेबांनी उलट निरोप धाडला की मुंज उन्हात लावणार असाल तर येऊ. चैत्राचं ऊन कडक झालं तशी आम्ही खुर्ची लवकर नेऊ लागलो. कधी कोवळ्या उन्हात, कधी झाडाची सावली सरकायच्या आत. मामंजी घरात कुणाशी बोलत नव्हते. एक दिवस त्यांनी आपली बैठक उचलली आणि मागे, मधल्या खोलीच्या शेजारी हलवली. पाहुणे आता मागच्या फाटकाने यायचे, आणि आम्ही ओट्यावर गेलो की मामंजी पुढच्या दाराला आतून कडी लावायचे, जेवणाच्या वेळी काढायचे. पुढचा ओटा आमचा झाला. असं कधी होईल, हे त्या घरात कुणाच्या मनात आलं नसेल.

काचेच्या खोलीत कुणी जाईना. तिच्या छतावर वानरं उड्या मारायची. एका उन्हाळी दुपारी एक काच तडकली. मामंजींनी ती बदलली नाही.

बाळंतपणाला मी वर्ध्याला गेले. श्रावणात मुलगी झाली. दसऱ्यानंतर तिला घेऊन परत आले तेव्हा भास्कररावांनी गाडी समोरच थांबवली. आईसाहेब ओट्यावर उभ्या होत्या. कुणाच्या आधाराशिवाय उभ्या होत्या. त्या तीन पायऱ्या उतरून खाली आल्या. हळू, पण सरळ आल्या.

त्यांनी मुलीला माझ्या हातातून घेतलं. आत नेलं नाही. ओट्यावर सतरंजी अंथरली, खाली बसल्या, बाळाचं अंगडं, लंगोट, टोपडं सगळं काढून टाकलं आणि तिला आपल्या पसरलेल्या पायांवर उताणं घातलं. ऑक्टोबरचं ऊन तिच्या पोटावर पडलं तशी तिने डोळे घट्ट मिटले आणि हातपाय झाडले. आईसाहेबांनी तेलाची वाटी मागवली. एकेक पाय हातात घेऊन त्या चोळत राहिल्या. मांडीपासून घोट्यापर्यंत, पुन्हा मांडीपासून. मग दोन्ही पाय जवळ आणून, टाचेला टाच लावून, डोळे बारीक करून पाहिलं.

रस्त्यावरून नानासाहेब चालले होते. न राहवून थांबले. "वहिनीसाहेब, लेकराले असं उघडं, रस्त्याच्या तोंडावर? हे शोभते का?"

"शोभते," आईसाहेब म्हणाल्या. मान वर न करता. "तुमी बी या. पाच मिनिटं उन्हात उभे राहा. तुमची चाल मले काही बरी दिसत नाही."

नानासाहेब गेले. आईसाहेबांनी मुलीचे पाय सोडले नाहीत. त्यांनी मान वळवली आणि बंद दरवाज्यातून, दिवाणखान्यातून, मागच्या बैठकीपर्यंत जाईल अशा आवाजात ओरडून सांगितलं,

"सरळ हायेत हो पाय! अगदी सरळ हायेत! येऊन पाहून जा!"

थोड्या वेळाने पुढच्या दाराची कडी निघाली.